इमानी कुत्रे आणि ख्रिस्ती श्रद्धा



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी कामगार कायद्यावर बोलेन अशी त्यांची समजूत होती. मी हा विषय सांगितल्यावर ते थोडा वेळ माझ्याकडे नुसते पाहातच राहिले. त्यांचे काही चुकले नाही. मी ख्रिस्ती नाही, आणि माझ्या दारी कुत्रेही नाही. शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा हे व्याख्यान पंडिताचे नव्हे, एका चुकीची कबुली आहे असे समजून ऐकावे.

२००३ साली आमच्याकडच्या एका कारखान्यात टाळेबंदी झाली. कामगारांत एक फिटर होता, नगर जिल्ह्यातला, तीन पिढ्यांचा ख्रिस्ती. वयाने माझ्याहून मोठा, म्हणून मी त्याला मामा म्हणत असे. फाटकसभेत हा कधी घोषणा देत नसे. मॅनेजरची गाडी आली की न चुकता नमस्कार करी. रविवारी सगळे फाटकावर बसत, तेव्हा हा देवळात. एका सभेत माझा तोल गेला आणि दोनशे माणसांदेखत मी त्याला ‘मालकाचा कुत्रा’ म्हणालो. आमच्या चळवळीत ही शिवी तयारच असते. उचलायची आणि फेकायची. तो खाली मान घालून बसून राहिला.

चौथ्या महिन्यात व्यवस्थापनाने नोटीस लावली : चांगल्या वर्तणुकीचे हमीपत्र जो लिहून देईल त्याने कामावर यावे. हमीपत्र म्हणजे आजवर आपण गुन्हेगारासारखे वागलो हे कबूल करणे, आणि पुन्हा युनियनचे नाव न काढणे. आठ दिवसांत मोठमोठ्याने घोषणा देणारे कितीतरी जण सही करून आत गेले. मी त्यांना दोष देत नाही. घरात पिठाचा डबा वाजू लागला की माणसाचा आवाज बसतो. मामाने सही केली नाही.

मी त्याच्या घरी गेलो. मामींनी बिनदुधाचा चहा दिला. माफी मागायची होती, शब्द सापडेनात. शेवटी तोच म्हणाला, “अरे, कुत्रा म्हणालास त्याचा राग नाही मला. पण धनी कोण, ते विचारायचं राहिलंच की तुझं.” आणि फळीवरचे पवित्र शास्त्र काढून त्याने मार्काचा सातवा अध्याय माझ्यापुढे धरला.

ती कथा अशी. येशू सोर प्रांतात, म्हणजे आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्याकडे गेला होता. तिथे एक परजातीची बाई आली. मार्क तिला सुरफुनीकी म्हणतो, मत्तय कनानी म्हणतो. तिची मुलगी पीडित होती. येशूने तिला जे उत्तर दिले ते वाचून मी चकित झालो : आधी लेकरांचे पोट भरू दे, लेकरांची भाकरी कुत्र्यांपुढे टाकणे बरे नव्हे. जाणकार सांगतात की मूळ ग्रीक शब्द घरातल्या लहान कुत्र्यांसाठी आहे, उकिरड्यावरच्या नव्हे. असेल. पण शिवी लहान केली म्हणून ती गोड होत नाही, हे आम्हा कामगारांना कोणी शिकवायला नको. बाई रडत परत गेली का? नाही. भांडली का? तेही नाही. तिने समोरच्याचाच शब्द उचलला आणि म्हणाली, खरे आहे, पण मेजाखाली पडलेला चुरा तर कुत्र्यांनाही मिळतो!

मी पंचवीस वर्षांवर वाटाघाटी केल्या आहेत. समोरच्याचे कलम मान्य करून त्याच कलमातून आपली मागणी काढणे, याहून वरची कला मी पाहिली नाही. आणि येशू हरला, आनंदाने हरला. मुलगी बरी झाली. मत्तयाच्या सांगण्याप्रमाणे त्याने त्या बाईच्या श्रद्धेला मोठी म्हटले. म्हणजे ख्रिस्ती ग्रंथात श्रद्धेचे कुत्र्याशी जे नाते जुळले, ते शेपूट हलवण्यावरून नव्हे. हाकलले तरी मेजाखालून न हलण्यावरून, आणि ‘माझा वाटा कुठे आहे’ असे विचारण्यावरून जुळले.

एरवी त्या ग्रंथात कुत्र्याला मान नाही. पौल विरोधकांना कुत्रे म्हणतो. प्रकटीकरणाच्या शेवटी कुत्रे नगरीबाहेर ठेवलेले आहेत. लाजराचे फोड चाटणारी कुत्री मात्र त्या दारच्या श्रीमंतापेक्षा बरी वाटतात. इमानी कुत्र्याचा दाखला पुढे लोकांनी आणला. स्कॉटलंडमधल्या एडिंबरो शहरात बॉबी नावाचा टेरियर जातीचा कुत्रा होता. १८५८ साली त्याचा मालक, रात्रीच्या पहाऱ्यावरचा पोलीस, वारला. कुत्रा त्याच्या थडग्यापाशी १४ वर्षे राहिला, १८७२ साली मेला, आणि दुसऱ्याच वर्षी त्याचे स्मारक उभे राहिले. अलीकडे काही संशोधक म्हणतात की तो दफनभूमीतला भटका कुत्राच असावा, आणि एक मेल्यावर दुसरा आणला असावा. तो वाद त्यांचा त्यांनी सोडवावा. मला त्यातली वेगळीच गोष्ट आवडते. १८६७ साली परवाना नसलेल्या कुत्र्यांवर गंडांतर आले, तेव्हा शहराच्या नगराध्यक्षाने पदरचे पैसे भरून बॉबीचा परवाना काढला आणि गळ्यात पट्टा घातला. नुसत्या निष्ठेवर कुत्राही जगत नाही. कोणीतरी वर्गणी भरावी लागते.

पण दाखला इथे अडखळतो. बॉबी थडग्यापाशी बसला, कारण मालक आत होता. ख्रिस्ती श्रद्धा सुरू होते ती थडगे रिकामे सापडल्यापासून. शिवाय योहानाच्या पंधराव्या अध्यायात येशू शिष्यांना सांगतो की मी तुम्हाला दास म्हणत नाही, मित्र म्हणतो. कारण धनी काय करतो ते दासाला कळत नाही. कुत्र्यालाही ते कळत नाही. धनी चोर असला तरी त्याचा कुत्रा इमानीच!

ही भीती पोकळ नाही. १२१६ साली मान्यता मिळालेल्या डॉमिनिकन संघाच्या नावावर लॅटिन भाषेत कोटी झाली : प्रभूचे कुत्रे. फ्लॉरेन्समध्ये सांता मारिया नोव्हेला या त्यांच्या मंदिरात एक भित्तिचित्र आहे. त्यात काळे-पांढरे कुत्रे कळपातल्या मेंढरांसाठी लांडग्यांवर तुटून पडतात. लांडगे म्हणजे पाखंडी. आणि त्या काळी पाखंड्यांची चौकशी करणाऱ्या न्यायासनांवर याच संघातली पुष्कळ माणसे बसली. कळपाची राखण आणि शेजाऱ्याचा लचका यांत अंतर किती थोडे! आमच्या युनियनमध्येही हे मी पाहिले आहे, पण तो विषय आजचा नव्हे.

आपल्याकडे जेजुरीला स्वतःला खंडोबाचे कुत्रे म्हणवणारे वाघे आहेत. महाभारतात मात्र पारडे उलटे आहे : स्वर्गाच्या दारात परीक्षा कुत्र्याच्या निष्ठेची नव्हे, धर्मराजाच्या निष्ठेची झाली. तसेच उलटे पारडे मला एका इंग्रज ख्रिस्ती कवीत सापडले. फ्रान्सिस टॉम्सन वैद्यकीत नापास झाला, अफूच्या नादी लागला, लंडनच्या रस्त्यावर झोपला. १८९३ साली निघालेल्या त्याच्या संग्रहात ‘स्वर्गाचा शिकारी कुत्रा’ अशा अर्थाच्या नावाची कविता आहे. तिच्यात पळणारा माणूस आहे, आणि माग न सोडणारा कुत्रा म्हणजे देव. शब्दकोश मांडीवर घेऊन ती वाचताना मला मामाची एक गोष्ट आठवली.

त्या संध्याकाळी मी विचारले होते, “मामा, सही का नाही केलीत?” तो म्हणाला, “गेलो होतो. पेन हातात घेतलं होतं. मागनं कोणीतरी चालत येतंय असं वाटलं. वळून पाहिलं तर कोणी नाही. पण मग सही होईना.” तेव्हा मला वाटले, उपाशी पोटाचा भास असेल. अजूनही मी तसे छातीठोक नाही म्हणणार नाही.

सहाव्या महिन्यात करार झाला. हमीपत्राची अट गेली. मामाला सर्वांच्या शेवटी आत घेतले. कामाचा साठलेला गाडा ओढण्यासाठी पहिल्याच रविवारी जादा पाळी लावली होती, दुप्पट पगाराची. आम्ही सगळे गेलो. मामा आला नाही, देवळात होता.