नदीकाठचे गाव आणि शाळेची सहल
(प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्यापैकी बहुतेकजण दरवर्षी मुलांना घेऊन वाईस जाता. घाट दाखविता, ढोल्या गणपतीचे दर्शन घडविता आणि संध्याकाळच्या आत गाडी परत फिरविता. सहल झाली अशी नोंद दप्तरी होते. पण मुले काय घेऊन परतली, हा प्रश्न आपण स्वतःस क्वचितच विचारतो.

प्रथम हवामानाचे पाहू. महाबळेश्वरास वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो. तेथून सडकेने जेमतेम ३० किलोमीटरांवर असलेल्या वाईस त्याचा सहावा हिस्साही मिळत नाही. असे का व्हावे? समुद्रावरून आलेले वारे सह्याद्रीस अडून वर चढतात, थंड होतात आणि आपले ओझे तेथेच रिकामे करतात. पूर्वेस उतरताना त्यांच्यापाशी फारसे उरत नाही. पाठ्यपुस्तकातला ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ हा शब्द मुले पाठ करतात. तो डोळ्यांनी दिसावा यासाठी एक सोपा उपाय सुचवितो. सरळ भिंतींचा पत्र्याचा डबा उघड्या जागी ठेवावा आणि रोज सकाळी ठराविक वेळी आतील पाण्याची खोली पट्टीने मोजून डबा रिता करावा. जोर आणि भुईंज ही दोन्ही गावे वाई तालुक्यातीलच. एक डोंगराच्या कुशीत, दुसरे पूर्वेकडील मोकळ्या रानात. अशा दोन शाळांनी आषाढातील आकडे एकमेकींस पत्राने कळविले, तर जो धडा होईल तो कोणत्याही नकाशाने होणार नाही.

याच गोष्टीशी मुलांच्या जिवाचाही संबंध आहे. वाईत लख्ख ऊन पडलेले असते, घाटावर धुणी चाललेली असतात, आणि तिकडे वर मुसळधार पाऊस होत असतो. शिवाय आता वरच्या अंगास धोमचे धरण आहे. त्यातून पाणी सोडले की पात्र चढते. म्हणून पावसाळ्यात मुलांना पायऱ्यांवरून खाली नेऊ नये. ‘पाणी घोट्याएवढेच आहे’ हे उत्तर मी शिक्षकांच्या तोंडून ऐकले आहे. ते त्या घटकेपुरतेच खरे असते.

नदीचे हे रूप जुन्या लोकांस चांगले ठाऊक होते. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधविलेल्या ढोल्या गणपतीच्या देवळास मागून वळसा घालावा. मागील भिंत सपाट नाही. माशाच्या तोंडासारखी निमुळती आहे. पुराचा लोंढा तिच्यावर येऊन दुभंगावा आणि दोन्ही बाजूंनी निघून जावा, ही योजना. मुलांना आधी काही सांगू नये. “भिंत अशी का?” एवढेच विचारावे आणि थांबावे. कोणीतरी नावेचे नाव घेतेच.

इतिहास शिकविताना थोडी सावधगिरी हवी. वाईस विराटनगरी म्हणण्याची, आणि पांडवगड व वैराटगड यांचा संबंध पांडवांच्या अज्ञातवासाशी जोडण्याची प्रथा आहे. ही कथा मुलांना अवश्य सांगावी, परंतु आख्यायिका म्हणूनच सांगावी. लोहाऱ्याची बौद्ध लेणी मात्र खडकात कोरलेली उभी आहेत; या खोऱ्यातील जुन्या वस्तीची ती साक्ष होय. अफझलखान वाईचा सुभेदार होता आणि १६५९ साली प्रतापगडास जाण्यापूर्वी त्याचा तळ वाईसच होता, यास कागदांचा आधार आहे. लोक असे म्हणतात आणि पुराव्यावरून असे दिसते, हा भेद चौथीच्या मुलास कळतो. आपणच तो पुसून टाकतो.

मेणवलीस जाण्यास विसरू नये. नाना फडणविसांचा वाडा तेथे आहेच. पण मुलांचे मन रमते ते घाटावरील घंटेपाशी. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगीजांच्या चर्चमधील घंटा देशावर आल्या, त्यांपैकी ही एक. तिच्यावर १७०७ हा आकडा आणि मेरीमातेची बाळासह आकृती आहे. आकडा मुलांनाच शोधू द्यावा. जी घंटा प्रार्थनेसाठी ओतली गेली, ती कृष्णाकाठच्या देवालयापाशी कशी आली, हे कळले की वसईची मोहीम वेगळी शिकवावी लागत नाही.

वाईतच मराठी विश्वकोशाचे कार्यालय आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. एवढा मोठा ज्ञानसंग्रह मुंबई-पुणे सोडून अशा लहान गावी सिद्ध झाला, हे खेड्यातील मुलाच्या कानावर पडणे मला फार अगत्याचे वाटते.

सहलीचा काळ मार्गशीर्ष ते माघ हा उत्तम. हवा कोरडी, सकाळी थंडी आणि पात्र संथ. माघापासून एकेका घाटावर कृष्णाबाईचा उत्सव सुरू होतो. त्या दिवसांत गर्दी असते, हे ध्यानी ठेवून तारीख ठरवावी. पांडवगडाची चढण वरच्या वर्गांनाच झेपेल. लहानांना मेणवलीपर्यंत पायी न्यावे. पाणी शाळेतूनच भरून घ्यावे.