जैतखामाभोवतीचा फेर

नागपूरहून हावड्याकडे जाणारी गाडी दुर्ग स्थानक सोडते आणि थोड्याच वेळात भिलाईची धुराडी दिसू लागतात. १९५५ साली सोव्हिएत संघाशी झालेल्या कराराने या पोलाद कारखान्याची योजना आकारास आली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे तेथे आली. त्यांत मराठी माणसेही होती. भिलाई म्हणजे पोलाद, हे समीकरण त्यामुळे रूढ झाले. परंतु ज्या खेड्यांच्या शिवारात ही नगरी वसली, त्यांचे एक नृत्य तिच्याहून पुष्कळ जुने आहे. त्याचे नाव पंथी.

पंथी हे सतनामी समाजाचे नृत्य. या पंथाचे प्रवर्तक गुरू घासीदास यांचा जन्म १८ डिसेंबर १७५६ रोजी गिरौदपुरी येथे झाला, असे मानतात. तो काळ नागपूरकर भोसल्यांचा. बिंबाजी भोसले रतनपुरास राहून छत्तीसगडचा कारभार पाहू लागले, तो याच सुमारास. तेव्हा मराठी माणसाला ही कथा अगदीच परकी नाही; आपण तिच्याकडे फारसे पाहिले नाही, एवढेच. ज्यांचा स्पर्श विटाळ समजला जाई, त्या लोकांना घासीदासांनी सांगितले, की सत्य हेच ईश्वराचे नाव, मूर्तीची आवश्यकता नाही, मद्यमांस वर्ज्य करावे आणि माणसामाणसांत उच्चनीच मानू नये. देवळाची दारे ज्यांना बंद होती, त्यांना त्यांनी देवळाची गरजच उरू दिली नाही. त्याऐवजी मोकळ्या जागी एक उंच पांढरा खांब आणि त्यावर पांढरे निशाण असते. हाच जैतखाम. यातील ‘खाम’ म्हणजे आपला खांबच, आणि ‘जैत’ म्हणजे विजय.

या खांबाभोवती पंथीचा फेर धरला जातो. पांढरे धोतर, उघडे अंग, गळ्यात कंठी आणि पायांत घुंगरू, एवढाच नर्तकांचा साज. मांदर आणि झांज ही मुख्य वाद्ये. पुढारी गाण्याची ओळ म्हणतो, बाकीचे ती झेलतात. आरंभी पावले संथ पडतात. गाणे गुरूच्या जीवनाचे असते किंवा निर्गुणाचे. मग मांदराची लय चढू लागते. गुडघे वाकतात, कंबर लवते, अंगे घामाने निथळतात आणि शेवटी गती एवढी वाढते, की गाणारा कोण आणि नाचणारा कोण हे सांगणे कठीण व्हावे. टाळमृदंगाच्या गजरात वारकऱ्यांचे पाऊल ज्याने पाहिले आहे, त्याला हा आवेग ओळखीचा वाटेल. भेद एवढाच, की वारकऱ्याच्या डोळ्यांपुढे विटेवरचे सावळे रूप असते. येथील खांबाला मुखच नाही. फेरातील माणसांना दिसतात ती एकमेकांचीच मुखे. ज्यांना गावाबाहेर उभे केले गेले, त्यांनी वर्तुळ करून नाचावे, यात मोठा अर्थ आहे. वर्तुळात पहिला आणि शेवटचा नसतो.

भिलाईशी या नृत्याचा संबंध आणखी एका प्रसंगाने जोडला गेला. रायपूरचे सुपुत्र हबीब तन्वीर यांच्या ‘चरणदास चोर’ या नाटकाची घडण भिलाईतील एका शिबिरात झाली. विजयदान देथा यांच्या राजस्थानी कथेतला चोर गुरूला सत्य बोलण्याचे वचन देतो आणि त्यापायी प्राणास मुकतो. सत्यालाच देव मानणाऱ्या सतनाम्यांना ही कथा आपली वाटली नसती तरच नवल! भिलाईच्या उघड्या मैदानावर त्यांच्या मेळाव्यापुढे तिचा आरंभीचा प्रयोग झाला आणि पंथीची गाणी व नृत्य नाटकात एकजीव होऊन गेली. १९७५ साली श्याम बेनेगल यांनी तीवर बालचित्रपट काढला. त्यात राणीच्या भूमिकेत स्मिता पाटील होत्या. १९८२ साली एडिंबरोच्या महोत्सवात या नाटकाला पुरस्कार मिळाला.

पंथीला देशोदेशी नेले ते प्रामुख्याने देवदास बंजारे यांनी. दुर्गजवळच्या धनोरा गावचे हे नर्तक २००५ साली अपघातात निवर्तले. पुढे २०२१ साली राधेश्याम बारले यांना याच नृत्यासाठी पद्मश्री मिळाली. हा गौरव रास्तच होय. मात्र रंगमंचावर गेल्याने नृत्याची ठेवण थोडी पालटते. तेथे एका बाजूला प्रेक्षक बसतात, म्हणून वर्तुळ उघडावे लागते. मानवी मनोरे आणि कसरती यांना टाळ्या पडतात, म्हणून त्या वाढतात. जैतखाम असलाच तर सजावटीपुरता असतो. स्पर्धेच्या घड्याळात बसविलेल्या नृत्यात संथ आरंभ सर्वांत आधी कापला जातो आणि गाण्याचा अर्थ तर तेथेच उलगडत असतो. स्त्रियांची पंथी पथके निघाली, हा मात्र त्याच काळाचा निर्विवाद लाभ.

खांब निव्वळ सजावट नाही, याची प्रचीती अलीकडेच आली. २०२४ च्या मे महिन्यात गिरौदपुरीजवळ जैतखामाची मोडतोड झाली. त्यावरून उसळलेला क्षोभ जूनमध्ये बलौदाबाजारच्या जिल्हा कचेरीच्या जाळपोळीपर्यंत गेला. जाळपोळीचे समर्थन कोणी करू नये. पण एका लाकडी खांबात इतक्या माणसांचा मान कसा साठतो, हे ज्याला जाणून घ्यायचे असेल त्याने १८ डिसेंबरला भिलाईच्या आसपासच्या एखाद्या सतनामी पाड्यात जावे. त्या दिवशी जुने निशाण उतरवून नवे पांढरे निशाण चढवितात. त्याला पालो म्हणतात. पालो वर पोहोचला, की मांदरावर पहिली थाप पडते.