सुरतेतल्या टोपीकरांच्या कबरी

शिवराज्याभिषेकाला रायगडावर हजर असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन आपल्याला शाळेपासून ठाऊक असतो. त्याच घराण्यातला जॉर्ज ऑक्झिंडेन मात्र फारसा कुणाला आठवत नाही. जानेवारी १६६४ मध्ये महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा मोगल सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला होता. इंग्रजांची वखार लढवली ती या जॉर्जने. १६६९ मध्ये तो सुरतेतच वारला. कतारगाम दरवाजाजवळच्या इंग्रजी कबरस्तानात त्याची कबर आजही आहे.

कबर म्हटल्यावर चार हात लांब दगडी लादी आणि तिच्यावर क्रूस, असं काही डोळ्यांपुढे आणू नका. ही चक्क दुमजली इमारत आहे. उंची सुमारे चाळीस फूट, खांब, कमानी, वर जायला जिना आणि माथ्यावर घुमट. लांबून पाहणाऱ्याला हा एखाद्या मोगल सरदाराचा मकबराच वाटावा. आणि तसा तो वाटावा, हाच तर बांधणाऱ्यांचा हेतू असणार! हे लोक आले होते व्यापाराला. जकातीत सूट हवी, फर्मान हवं, की दरबारात अदबीनं उभं राहायचं. जिवंतपणी सरदारांच्या पंक्तीला बसता येत नव्हतं, ते मेल्यावर साधून घेतलं. माझ्या मते या कबरी म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीची जाहिरातच.

जॉर्जच्या शेजारीच त्याचा भाऊ ख्रिस्तोफर आहे. तो दहा वर्षं आधी, १६५९ मध्ये गेला. त्याच्यासाठी कोरलेला लॅटिन लेख मोठा मजेशीर आहे. सगळी भाषा वखारीच्या खतावणीची. मृत्यूनं अचानक हिशेब मागितला, मालकांनी नोकर गमावला, आम्ही सोबती गमावला, त्यानं प्राण गमावले. पण समोरच्या पानावर त्याला मरण जमेच्या बाजूला मांडता येईल, असा त्याचा आशय. भावाच्या मृत्यूचं दुःखही हे लोक जमाखर्चात लिहीत.

इंग्रजांनी असं बांधल्यावर डच कसे मागे राहतील? जवळच त्यांचं वेगळं कबरस्तान आहे. १६९० मध्ये सुरतेला आलेल्या ऑव्हिंग्टन नावाच्या पाद्र्यानं तिथल्या एका कबरीबद्दल लिहून ठेवलंय. कुणी रंगेल डच अधिकारी होता. त्यानं आपल्या कबरीवर ‘पंच’ नावाचं मद्य पिण्याची तीन मोठाली पात्रं बसवून घेतली होती. मित्र तिथं जमत, त्याची आठवण काढत पीत आणि मग स्वतःचीच शुद्ध हरपून बसत.

पण डचांची खरी शान म्हणजे हेंड्रिक व्हान रीड याची अष्टकोनी, घुमटाची कबर. हा मलबारचा डच गव्हर्नर होता. तिथल्या वनस्पतींवर त्यानं ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ करवून घेतला. पहिला खंड १६७८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला छापला गेला. त्यासाठी माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे मलबारी वैद्य होते, तसेच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोकणी ब्राह्मणही होते. त्या तिघांनी कोकणीत, नागरी लिपीत लिहून दिलेला दाखला या खंडात छापलेला आहे. युरोपात छापल्या गेलेल्या नागरी अक्षरांचा हा फार जुना नमुना. हा व्हान रीड डिसेंबर १६९१ मध्ये सुरतेकडे येताना मुंबईजवळ जहाजावरच वारला आणि त्याला सुरतेत आणून पुरलं.

तोवर इंग्रजांनी पश्चिम किनाऱ्यावरचा मुख्य कारभार मुंबईला हलवला होता, १६८७ मध्ये. सुरतेचं वैभव पुढे ओसरत गेलं. कबरस्तानं तेवढी राहिली, आणि आता ती पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहेत.

आपली मंडळी लग्नसराईत साड्या घ्यायला सुरतेला जातातच. पुढच्या खेपेला खरेदीतून तासभर काढा, रिक्षावाल्याला कतारगाम दरवाजा सांगा आणि या कबरी पाहून या.