शिडीची पायरी

जळगाव-धुळ्याकडे जिनिंगमध्ये, शाळेत, घरोघरी शिडी असते. तिची विचारपूस मात्र मनुष्य पडल्यावरच होते. आमच्या शाळेचा शिपाई घंटेचा दोर बदलताना पडून कायमचा अधू झाला. निखळलेली पायरी सैल असल्याचे मी आठ दिवस आधी पाहिले होते. बोललो मात्र नाही.

खानदेशच्या उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसते व पायऱ्या ढिल्या होतात. शिडीस रंग देऊ नये. त्याखाली चीर लपते. १२ हात उंचीस पायथा भिंतीपासून ३ हात असावा. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३२ व्या कलमाने पायऱ्या, जिने व वाटा सुस्थितीत ठेवण्याचे बंधन घातले. परंतु पायरी हाताने हलवून पाहण्याचे काम कायदा करीत नाही. ते आपणच करावयाचे, आणि दोष दिसताच बोलावयाचे.