शिवणाचा पहिला धडा

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेने हस्तोद्योगाद्वारे शिक्षणाचा विचार देशापुढे मांडला. त्याच विचाराने शाळेतील शिवणाचा आरंभ तान्ह्या बाळाच्या झबल्यापासून करता येईल. जुन्या, धुवट सुती लुगड्याचा तुकडा त्यास पुरतो. बेतताना चुकले तरी हानी अल्प. माप घेताना गणित येते, बेतताना भूमिती. शिवण बाहेरच्या अंगास ठेवावी, म्हणजे ती कोवळ्या त्वचेस टोचत नाही. गुंडीऐवजी बंद लावावेत, कारण निसटलेली गुंडी बाळाच्या तोंडात जाण्याचे भय असते. बंदही आखूडच असावेत. झबले साधले की टोपरे, दुपटे व पिशवी कठीण नाही. मात्र हा धडा मुलींबरोबर मुलांनाही मिळावा. ग्रामपंचायतींनी शाळेस सुई, दोरा व कात्री पुरवली, तरी प्रारंभास तेवढे पुरेसे आहे.