फाइलमध्ये तुमची गल्ली दिसू द्या

(कला आणि डिझाइनच्या महाविद्यालयांत प्रवेश घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



बारावीनंतर चित्रकला शिकायची आहे असं घरी सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "त्याने पोट भरेल का?" त्या प्रश्नावर मी शेवटी बोलणार आहे. आधी कामाचं बोलू. अर्ज कसा करायचा आणि पोर्टफोलिओ कसा तयार करायचा, हे नीट सांगणारं माणूस आपल्या वस्त्यांमध्ये सहसा भेटत नाही. क्लास असतात, पण त्यांची फी परवडत नाही. मग हात चांगला असलेली मुलंमुलीही अर्ज न भरताच मागे राहतात.

सुरुवातीला हे समजून घ्या की प्रत्येक दारावर वेगळी गोष्ट मागतात. महाराष्ट्रात बीएफएसाठी राज्याची एमएएच-एएसी सीईटी असते. तीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्यज्ञान येतं. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या असतील तर यातल्या बऱ्याच गोष्टी ओळखीच्या वाटतील. डिझाइनसाठी यूसीड ही परीक्षा आयआयटी मुंबई घेते, तिच्यातही चित्र काढण्याचा भाग असतो. अहमदाबादच्या एनआयडीची परीक्षा प्राथमिक आणि मुख्य अशा टप्प्यांत होते. काही संस्थांमध्ये मुलाखतीच्या वेळी, अनेक खासगी संस्थांमध्ये आणि परदेशातल्या बहुतेक कलाशाळांमध्ये पोर्टफोलिओ लागतो, साधारण १० ते २० कामांचा. कुठलं महाविद्यालय कुठल्या परीक्षेतून प्रवेश देतं हे बदलत असतं. म्हणून मोठ्या भावाच्या मित्राने तीन वर्षांपूर्वी काय केलं यावर जाऊ नका. यंदाची माहितीपुस्तिका स्वतः वाचा.

आता पोर्टफोलिओ. मी शिकवतो, त्यामुळे दरवर्षी बऱ्याच फाइली पाहतो. त्यांतल्या अर्ध्या फाइलींवरचं नाव झाकलं तर कोणाची कुठली हे सांगता येणार नाही. नटनट्यांची फोनवर पाहून काढलेली पोर्ट्रेट, सूर्यास्तातली होडी, अश्रू ढाळणारा डोळा, क्लासमध्ये सगळ्यांनी मिळून काढलेली तीच बाटली आणि तीच सफरचंदं. काम सफाईदार असतं. पण निवड करणाऱ्याला सफाई तेवढी पाहायची नसते. सफाई कॉलेजात शिकवता येते. हा मुलगा, ही मुलगी स्वतःच्या डोळ्यांनी बघते का, हे त्याला पाहायचं असतं. फोटोवरून नक्कल केली की बघण्याचं काम कॅमेऱ्याने आधीच केलेलं असतं.

समजा, मिरजेतल्या एका मुलीच्या घरी सतार बनवतात. वाळत घातलेले भोपळे, लाकडाचा भुसा, तारा ओढणारे आजोबांचे हात, हे सगळं तिच्या समोर रोज आहे. मालेगावच्या किंवा भिवंडीच्या मुलासमोर यंत्रमाग आहे, त्यातला धोटा आहे, सुताच्या बाचक्यांवर डुलक्या घेणारे कामगार आहेत. रत्नागिरीच्या मुलीसमोर जाळी विणणारी, मासळी निवडणारी माणसं आहेत. आणि ही मुलंमुली फाइलमध्ये काय लावतात? पॅरिसचा मनोरा. आपलं घर, आपली गल्ली चित्रात येण्याच्या लायकीची नाही, असं त्यांना कुणीतरी, कधीतरी पटवून दिलेलं असतं.

ते मनातून काढून टाका. झरीना हाश्मी यांचं उदाहरण घ्या. अलीगढला त्या गणित शिकल्या आणि पुढे छापचित्रकार म्हणून जगभर ओळखल्या गेल्या. त्यांची १९९९ ची एक चित्रमालिका आहे, 'होम इज अ फॉरेन प्लेस'. घराशी जोडलेले ३६ उर्दू शब्द, आणि प्रत्येक शब्दाचं एक लाकडी ठशाचं छापचित्र. उंबरठा, अंगण, भिंत यांतून त्यांनी अख्खं आयुष्य मांडलं. पंढरपुरात जन्मलेले एम. एफ. हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवत होते. मोठ्या पृष्ठभागावर ठाशीव, वेगवान रेषा मारण्याची सवय त्या कामातून आली, ती त्यांच्या चित्रांत पुढेही दिसते. पोट भरण्यासाठी केलेलं कामही शिक्षणच असतं. तुम्ही दुकानांच्या पाट्या रंगवल्या असतील, मेंदी काढली असेल, लग्नपत्रिकांची अक्षरं केली असतील, तर ते लपवू नका. त्याचे चांगले नमुने फाइलमध्ये लावा.

पण दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. 'मुस्लिम मुलगा आहे' म्हणून चांद, मिनार, बुरखा आणि जाळीदार टोपी यांची रांग लावायची गरज नाही. ती चित्रं दुसऱ्यांनी आपल्याबद्दल पुष्कळ काढून ठेवली आहेत. तुमच्या अम्मी सकाळी पाणी भरताना हंडा कसा उचलतात, हे फक्त तुम्हीच काढू शकता.

काही घरांमध्ये माणसाचं चित्र काढण्याबद्दल संकोच असतो. त्याबद्दल मोकळेपणाने बोलू. कलाशिक्षणात मानवाकृतीचा अभ्यास असतो, हे आधीच माहीत असू द्या आणि घरीही आधीच सांगा. नंतर वाद होण्यापेक्षा ते बरं. आणि चित्रकला म्हणजे फक्त माणसाचा चेहरा नव्हे, हेही सांगा. नसरीन मोहमदी यांनी पेन्सिल आणि शाईच्या बारीक रेषांमधून स्वतःचं जग उभं केलं आणि बडोद्याच्या कलाशाखेत त्या १९७२ पासून शिकवत होत्या. त्यांच्या रेषांमागची कारणं त्यांची स्वतःची होती. पण वाटा किती आहेत हे त्यावरून कळतं. सुलेखन, कापडाची नक्षी, भूमिती, मातीकाम, छापकाम, छायाचित्रण, कुठूनही सुरुवात होऊ शकते.

आता प्रत्यक्ष तयारी. एक वही कायम सोबत ठेवा. महाग कागद नको, एका बाजूने छापलेले कागद शिवून घेतले तरी चालतात. रोज २० मिनिटं समोर दिसतं ते काढा. एसटी स्टँडवर, दवाखान्याच्या रांगेत, स्वयंपाकघरात. माणूस हलला तरी थांबू नका, पाच रेषांत पकडा. प्रत्येक पानावर तारीख घाला. सहा महिन्यांनी ही वही तुमचा सगळ्यात मोठा पुरावा असेल. मुलाखत घेणारे बहुतेकदा पूर्ण झालेली चित्रं पटापट उलटतात आणि वहीवर थांबतात. चुकलेली रेषा खोडू नका, तिच्या शेजारी दुसरी मारा. तुम्ही कसा विचार केलात हे त्यातून दिसतं.

मग एक विषय निवडा आणि त्याचा पाठपुरावा करा. समजा, चहाची टपरी. तिची दहा झटपट रेखाटनं, एक वस्तुचित्र, एक रंगीत रचना, तिच्यासाठी नव्याने केलेली पाटी. चार-पाच कामं अशी एकमेकांना धरून असली की तुम्ही एखाद्या गोष्टीत किती खोल जाता हे कळतं. बाकी कामांत विविधता ठेवा: निरीक्षण, कल्पना, रंग, शक्य असेल तर हाताने घडवलेली एखादी त्रिमितीय वस्तू. कच्चं काम संख्या भरायला लावू नका. १२ चांगल्या कामांत ८ सुमार कामं मिसळली की सगळी फाइल सुमार दिसते. पहिलं आणि शेवटचं काम सगळ्यात भक्कम असू द्या.

ऑनलाइन पाठवायचं असेल तर फोटो दिवसा, खिडकीजवळ, फ्लॅश न वापरता काढा. फोन चित्राला समांतर धरा, नाहीतर चौकोन तिरका येतो. टेबलाची कड, तुमची सावली कापून टाका. फिल्टर लावू नका. प्रत्येक कामाखाली माध्यम, आकार आणि वर्ष लिहा. फाइल किती मोठी चालेल ते सूचनेत दिलेलं असतं, ते पाळा. शेवटच्या रात्री सर्व्हर अडकतो, म्हणून दोन दिवस आधीच पाठवा.

स्वतःबद्दल लिहायला सांगतात तेव्हा "मला लहानपणापासून चित्रकलेची आवड आहे" हे वाक्य टाळा, ते सगळेच लिहितात. तुम्ही काय बघता, काय करून पाहिलंत, काय जमलं नाही आणि पुढे काय शिकायचं आहे, हे साध्या भाषेत लिहा. इंग्रजी अडत असेल तर आधी मराठीत किंवा उर्दूत लिहून काढा, मग कुणाच्या मदतीने भाषांतर करा. मुलाखतीतही पाठ केलेली उत्तरं लगेच ओळखू येतात.

आणि कागदपत्रं! चांगल्या हाताची मुलं इथे अडकतात. दाखल्यावर 'मोहम्मद', आधारवर 'मोहंमद', गुणपत्रिकेवर आडनावच नाही, असं आपल्याकडे घरोघरी आहे. नावाचं स्पेलिंग आजच जुळवून घ्या. तुमचा समाज ओबीसी यादीत असेल तर जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर आणि पडताळणीला वेळ लागतो, त्यामुळे अकरावीतच सुरुवात करा. अधिवास प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी पोर्टल वेळेवर पाहा.

आता तो पोटाचा प्रश्न. अब्बांना खोटं आश्वासन देऊ नका. चित्रकाराची कमाई अनिश्चित असते, हे खरं आहे. पण त्याच शिक्षणातून जाहिरात, ॲनिमेशन, पुस्तकांची चित्रं, कापडाचं डिझाइन, मोबाइल ॲपची रचना, शाळेतली कलाशिक्षकाची नोकरी अशी कामं मिळतात. ही यादी, फीचा आकडा, वसतिगृहाची सोय आणि शिष्यवृत्तीची माहिती एका कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवा. मुलींनी तर हे नक्कीच करा. 'नाही'मागे पुष्कळदा माहिती नसल्याची भीती असते, आणि ती भीती कागदावरच्या माहितीने कमी होते.

आजच्या दिवसापुरतं एकच काम सांगतो. घरी गेल्यावर दारात उभे राहा आणि समोर जे दिसेल ते काढा. सुंदर दिसतं का, हा प्रश्न आज विचारू नका. खाली तारीख लिहा. तेच तुमच्या फाइलचं पहिलं पान.