हंगामी कारखान्याची मुले



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय दिला तो 'कामगारवस्तीतले बालपण' हा. आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढची शाळा म्हणजे युनियनची कचेरी आणि वाचनालयाचे बाकडे. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नये. जे पाहिले आणि पुढे जे वाचून कळले, तेवढे सांगतो.

गिरणगाव म्हटले की लोकांना परळ-लालबाग आठवते. पण आपल्या नांदेडलाही गिरणी होती. सातव्या निजामाच्या, मीर उस्मान अली खान यांच्या नावाची उस्मानशाही मिल. १९७४ च्या कायद्याने ती सरकारच्या मालकीची झाली, तरी गावाच्या तोंडी नाव जुनेच राहिले. आमच्या लहानपणी, म्हणजे १९७५ ते १९८५ च्या सुमारास, आमच्या वस्तीत घड्याळ क्वचितच कोणाकडे असे. मिलचा भोंगा झाला की चुली पेटत, भोंगा झाला की पोरे शाळेला निघत. आज तो भोंगा नाही, मिलही बंद आहे.

वस्ती एक होती, पण तिच्यात दोन जाती होत्या. जन्माच्या जाती नव्हेत. त्या तर होत्याच. ह्या कामाच्या. एक मिलवाले आणि दुसरे जिनवाले. मिलवाल्यांना ठरलेला पगाराचा दिवस, फंड, दिवाळीला बोनस. जिनवाले म्हणजे हंगामी. दसऱ्यानंतर कापूस यायला लागला की जिनिंग सुरू, होळी-पाडव्याला बंद. आमचे बाबा जिनवाले.

कापूस एकाधिकार खरेदीचे ते दिवस. बैलगाड्यांची रांग रस्त्यावर लागलेली, गाडीवान रात्री गाडीखालीच झोपलेले. आत यंत्रे धडधडत. शंभर किलो कापसातून ढोबळ मानाने एक तृतीयांश रुई निघते, बाकी जवळजवळ सगळी सरकी. रुई दाबून एकशेसत्तर किलोची गाठ बांधायची. बाबा यंत्रात कापूस टाकायच्या कामावर होते. संध्याकाळी घरी येत ते भुवया पांढऱ्या करून. आम्ही भावंडे त्यांना म्हातारबाबा म्हणून हसत असू, आणि तेही हसत.

होळीनंतर बाबा लोहा-अहमदपूरवरून एसटीने लातूरला जात. मोंढ्यात हमाली आणि एका कारखान्यात भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचे काम. तिथली धूळ तांबूस. माय म्हणायची, "हिवाळ्यात पांढरे, उन्हाळ्यात लाल, तुमचा रंग कोणता तेच मला ठाऊक नाही."

आता मुख्य गोष्ट सांगतो. बाजाराच्या दिवशी जिनिंगला सुट्टी असे. त्या दिवशी बाबा चांगले असत. आम्हांला खांद्यावर घेऊन बाजारात जात. दुसऱ्या दिवशी कामावर गेले की दुपारपासून छाती आवळून येई. रात्री उशीला टेकून बसून राहत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जरा बरे. पुढच्या सुट्टीनंतर पुन्हा तेच. मुकादम म्हणे, "सुट्टीचा आळस आहे हा." बाबांनाही ते पटले होते. म्हणत, "काल आराम लई झाला, म्हणून अंग नाही म्हणते." आणि सांगायला लाज वाटते, पण आम्ही पोरेही तेच म्हणायला शिकलो. एकदा बाजारातून परत येताना आम्ही विचारले, "बाबा, उद्या परत आळस येणार का?" ते काही बोलले नाहीत. खांद्यावरून मात्र खाली उतरवले.

पुढे काही वर्षांनी दमा रोजचा झाला. बाबा पन्नाशी न गाठता गेले.

ते गेल्यावर बऱ्याच वर्षांनी, युनियनच्या कामासाठी कामगारांच्या आजारांवरचे एक पुस्तक शब्दकोश घेऊन वाचत होतो. त्यात बिसिनोसिस नावाचा आजार आला. कापसाच्या धुळीचा. बोंडाबरोबर आलेला पालाकचरा, त्यावरच्या जंतूंचे विष, यांनी श्वासनलिका आवळते. आणि त्याची ओळख काय, तर सुट्टीनंतर कामाच्या पहिल्याच दिवशी छाती आवळते. सुरुवातीच्या काळात माणूस धुळीतून बाहेर काढला तर सुधारतो. वर्षानुवर्षे तसाच ठेवला तर कायमचा जातो. आम्ही ते पान तीनदा वाचले. ज्याला सगळे आळस म्हणत होते, ती त्या रोगाची खूण होती. ती आमच्या घरात दर आठवड्याला येऊन जात होती आणि आम्ही तिला हसत होतो.

मग दुसरा प्रश्न आला. डॉक्टरने वेळीच का पाहिले नाही? त्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडले. कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ सालच्या एप्रिलचा. चांगला कायदा, कामगाराला औषधोपचार आणि आजारपणात पैसे देणारा. पण त्यात 'हंगामी कारखाना' वगळला आहे. हंगामी म्हणजे कोणते? यादीत पहिलेच नाव कापसाच्या जिनिंगचे. पुढे गाठी बांधणे, त्यापुढे भुईमुगाच्या शेंगा फोडणे. आमच्या बाबांचे अख्खे वर्ष, नांदेडचा हिवाळा आणि लातूरचा उन्हाळा, त्या एका वाक्यात मावले होते.

त्याच १९४८ साली, जुलैच्या ५ तारखेला, इंग्लंड-वेल्समध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. ती उभी करणारा आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन वेल्समधल्या ट्रेडेगार या खाणगावचा. खाणकामगाराचा पोर, तेराव्या वर्षी शाळा सोडून खाणीत उतरलेला, आणि कामगारांच्या वाचनालयात शिकलेला. त्या गावात कामगार पगारातून ठरावीक पेनी टाकून डॉक्टर ठेवीत. गावाने आपल्यापुरते जे केले, ते बेव्हनने देशाला लागू केले. त्या सेवेची आरती आम्ही ओवाळीत नाही. तिच्याही अडचणी आहेत. पण तिने एक प्रश्न विचारला नाही: तू बारमाही की हंगामी?

आपल्याकडे तो प्रश्न अजून विचारला जातो. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही विम्याच्या प्रकरणातून हंगामी कारखाना वगळलेलाच आहे. गंमत अशी की, कापसाच्या धुळीचा आजार व्यावसायिक रोगांच्या यादीत आहे. म्हणजे रोग मान्य, त्यावर नुकसानभरपाई मागता येते. पण तो रोग ओळखणारा दवाखाना मात्र हंगामी माणसाला नाही. आणि ओळखलाच नाही तर मागणार काय? हंगाम संपतो, बंधूंनो. फुप्फुस काही होळीला नवे मिळत नाही.

लहानपणच्या आठवणी गोड करून सांगण्याची रीत आहे. आमच्याही गोड आहेत. मिलवाल्यांच्या घरून बोनसाचा लाडू जिनवाल्यांच्या घरी येई. सरकीच्या ढिगावर खेळून आम्ही मार खाल्ला. ती वस्ती परत मिळाली तर आम्ही आजही जाऊ. पण नुसती आठवण काढून बाबांचे ऋण फिटत नाही.

म्हणून एकच मागणे आहे. तुमच्या गल्लीतून कोणी जिनिंगला जात असेल, तर सुट्टीनंतरच्या दिवशी संध्याकाळी त्याला विचारा, छाती कशी आहे. उत्तर वहीत लिहा, तारीख घाला. आमच्या युनियनने अशी एक वही ठेवली आहे. अशा वह्या गावोगाव झाल्या की त्या घेऊन डॉक्टरकडे जाता येईल, सरकारकडेही जाता येईल. आणि घरातले पोर बापाच्या दम्याला आळस म्हणत असेल, तर त्याला तेवढे समजावून सांगा. आम्हांला सांगणारे कोणी नव्हते.